मुठीतला गंज

शारजाच्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या जपानी लोहाराने मूठ काढून तलवार दाखवली. आतलं लोखंड गंजून काळं पडलेलं. आमचा स्वभाव मदतीचा. मी रुमाल काढून पुसायला धावलो! त्याने हळूच माझं मनगट धरलं.

"हा गंज पुसायचा नसतो, तलवारीचं वय त्यावरून कळतं. ही माझ्या आजोबांनी घडवलेली." शेजारची वडिलांची जरा कमी काळी होती. स्वतःच्या लखलखीत तलवारीवरून तो किती हळुवार बोट फिरवत होता!

"ही काळी पडेल, तेव्हा शेजारी नवी नसेल. मुलगा विमा विकतो."

परतताना ट्रॅफिकमध्ये मी त्या मुलावर भरपूर तोंडसुख घेतलं. बायको म्हणाली, "अहो, आपल्या घरातल्या हंड्यावर तुमच्या तांबट वडिलांचे ठोके आहेत. तुमचे कशावर आहेत?"