दादाच्या पोटात गेलेल्या पंच्याहत्तर गोळ्या

जीपच्या जॅकवर पाठ उचलणारा पलंग.
पाऊण इंची पाइपचा सलाइन स्टँड.
संडासला बसायची खुर्ची.
गोळ्यांची सागवानी पेटी, अठ्ठावीस खणांची.

हे सगळं मी माझ्या हातानं बनवलं.

आणि दादाला मारलं, तेही मीच.

आज वर्ष झालं. खाली ‘भाऊ असावा तर असा’ लिहू नका. दशक्रियेला घाटावर माइक धरून ते बोलून झालंय. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, रडतोय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कोळवणात भातशेती. मी नववी नापास, घोटावड्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. वेल्डिंग कुणी शिकवलं नाही, इंग्रजी वाचायला कुणी शिकवलं नाही. दोन्ही येतं.

दादाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण काढली. परत उगवू नये म्हणून कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सकाळी तीन, संध्याकाळी तीन. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. अशा आठ सायकल.

दादा बरा होणार होता. ही ओळ परत वाचा.

गावातल्या सुनंदा सिस्टर कॅन्सर वॉर्डातून रिटायर झालेल्या. त्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं होतं.

“बाळासाहेब, हे औषध कॅन्सरला मारतं, तसं तोंडाची कातडी, आतड्याचं अस्तर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सगळ्याला मारतं. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, तोंड आलं, तळपाय सोलून चालवंना, की गोळी बंद. लगीच डॉक्टरला फोन. आन राहिलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या न्हाईत.”

“मग कोर्सचं काय?”

“ते डॉक्टर बगतील. तुमी थांबायचं.”

मी मान हलवली. पटलं नव्हतं.

आमचे वडील, आप्पा, टीबीनं गेले. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, मग परत खोकल्यातून रक्त. तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम. कोर्स अर्धा सोडायचा नाही. साध्या तापाच्या पाच गोळ्या असल्या तरी पाचही घ्यायच्या.

तिसरी सायकल.

नवव्या दिवशी दादाचे तळपाय लालबुंद, कातडी सुटलेली.
दहाव्या दिवशी तोंड आलं. वरणभातसुद्धा झोंबायला लागला.
अकराव्या दिवशी सात वेळा संडास.

सगळं वहीत लिहिलं, वेळेसकट.

लिहिलं. गोळी थांबवली नाही.

सातही वेळा तो मी बनवलेल्या खुर्चीवर बसला, आणि मी खुर्ची डुगडुगत नाही ना, ते बघत होतो.

वहिनी म्हणाल्या, “भावजी, सिस्टरला हाक मारू का? आजच्या दिस ऱ्हाऊ द्या गोळ्या.”

“तीनच दिस राहिल्यात, वहिनी. तुमी मधी पडू नका.”

बाराव्या दिवशी चादर बदलताना उशीखाली सकाळच्या तिन्ही गोळ्या सापडल्या.

“दादा, ही चोरी कशापायी?”

“बाळ्या, मी काय तुझ्या वर्कशॉपातला गज हाय व्हय, वाकवला की वाकला? गिळवत न्हाई रं.”

“आप्पांवानी मरायचंय का?”

हे मी म्हणालो.

त्यानं तोंड उघडलं. जिभेवर पांढरे चट्टे होते. मी एकेक गोळी ठेवली, पाणी दिलं, आणि नंतर जीभ वर करायला लावून आत बघितलं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा माणूस.

तेराव्या दिवशी सकाळी अंग फणफणलं. दोन घास भरवले, तीन गोळ्या दिल्या, मग जीपमध्ये घातलं. चांदणी चौक येईपर्यंत दादा बरळायला लागला.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. अंगातलं पाणी गेलेलं. इन्फेक्शन रक्तात पसरलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या कधी बंद केल्या?”

“नाही केल्या, डॉक्टर. ह्या सायकलच्या आज सकाळच्या धरून पंच्याहत्तर झाल्या. एकही चुकली नाही.”

अभिमानानं सांगितलं. वही पुढे केली.

त्यांनी शेवटचं पान वाचलं. मागचं पान वाचलं.

“म्हणजे हे सगळं तुम्हाला दिसत होतं?”

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी दादा गेला. कॅन्सरनं नाही. त्याच महिन्यातला स्कॅन स्वच्छ होता.

गोळ्यांच्या खोक्यातला कागद मी डिक्शनरी घेऊन वाचला होता. सिस्टर बोलल्या तेच त्यात छापलंय. त्या ओळींखाली मीच पट्टी लावून रेघ मारली होती. वाटलं, हे कच्च्या माणसांसाठी असेल. आमच्यासाठी नाही.

काल हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं नाही.

“मला तवाच कळलं हुतं,” म्हणाल्या.

कुणाच्या घरात ह्या गोळ्या चालू असतील, तर माझ्यासारखं वहीत लिहीत बसू नका. फोन करा.

दादा, फुलं वाहायला आज घाटावर आलो नाही. लाज वाटली. इथूनच हात जोडतो.

आणि हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिली सायकल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुनंदा सिस्टर घरी आल्या होत्या. म्हणाल्या, गोळ्यांचे चौदा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ येते, तोंड-पाय-ताप बघते, गोळी द्यायची का नाही ते मी ठरवते. रोजचे पन्नास द्या.

मी म्हणालो, “गोळ्या मोजायला नर्स कशाला?”

एका सायकलचे सातशे रुपये.