खिडकी चौकोनी, उजेड तिकोनी

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादम वस्तीवर आला की विचारतो, "यंदा किती कोयते?" म्हणजे किती जोड्या. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता... आणि अर्ध्याला टोळीत कुणी विचारत नाही.

आई गेली तेव्हा मी तान्ही होते. दादा - आम्ही वडलांना दादा म्हणतो - अर्धे झाले. काही वर्षं त्यांनी नुसत्या गाड्या भरल्या, मिळेल त्या टोळीमागं फिरले. मग ताई कोयता पेलण्याएवढी झाली आणि दादांचा कोयता पुरा झाला. शाळेच्या पटावरून ताईचं नाव कमी झालं. माझं राहिलं. दिवाळी झाली की ती दोघं कारखान्याला जायची आणि मी हंगामी वसतिगृहात. आमची वस्ती माजलगाव तालुक्यात, दिंद्रुडच्या अलीकडे. उन्हाळ्यात ट्रक फाट्यावर थांबला की मी पळत जायचे, आणि दर वर्षी ताई आधी माझी उंची बघायची, मग तोंड.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मी बी.ए. आहे. माजलगावच्या कॉलेजातून, रेग्युलर. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, कारण लोक अशा गोष्टी सांगणाऱ्याला आधी अडाणी ठरवतात.

भूत, भानामती, अंगात येणं - यातलं काहीच मी मानत नाही. आम्ही बौद्ध. घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की दादा म्हणायचे, "आधी त्येला पोटभर जेवाय घाला, मंग बघू कोण बोलतंय." त्यामुळं मला जो अनुभव आला तो कुणाला सांगावा हेच कळत नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

बी.ए. झाल्यावर मी माजलगावात एका झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं. चित्रं लहानपणापासून काढायचे, वसतिगृहात वेळच वेळ असायचा. कुणीतरी सांगितलं की चित्रकला शिक्षकाचा कोर्स कर, शाळेत लागशील. ताईला फोनवर सांगितलं. पलीकडून ऊस तोडल्याचा सपासप आवाज येत होता, तो थांबला.

"मास्तरीण हुशील?"

"हो."

"मंग तू मास्तरीण झालीस की मी कोयता ठिवीन. तवर न्हाई."

कोयता ठेवणं म्हणजे ऊसतोड कायमची सोडणं. ताईनं एवढंच मागितलं आयुष्यात.

कोर्सला प्रवेश घेताना स्वतःची कामं दाखवावी लागणार होती, आणि त्यात एक सेल्फ पोर्ट्रेट. ते शिकायला मी शेख सरांकडे जायला लागले. बाजारात एका दुकानाच्या वर त्यांची एक खोली. सकाळी क्लास, मग मी दुकानावर. सर पूर्वी पाट्या रंगवायचे, मग शाळेत शिक्षक होते, आता रिटायर. त्यांची एक सवय होती - कागद लावला की पेन्सिल धरायच्या आधी कोपऱ्यात छोटा बाण काढायचा. उजेड ज्या बाजूनं येतो त्या बाजूचा बाण. "पयले उजाला पकडा," ते म्हणायचे. "नाक-डोळे बाद में. उजाला चुकला तर माणूस चुकला."

मडकं काढलं, वांगं काढलं, चुरगळलेला कागद काढला. एच.बी. पेन्सिलीनं रेघ, मग टू बी, फोर बी, सगळ्यात गडद सावलीला सिक्स बी. हे सगळं मला छान जमलं, खोटं कशाला बोलू. क्लासमधल्या रुपालीच्या वांग्यापेक्षा माझं वांगं बरं होतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

मग आरसा आला.

खोलीत एकच खिडकी, डाव्या हाताला, मोठी चौकोनी. आरसा समोर टेकवलेला. मी कोपऱ्यात बाण काढला - डावीकडून, वरून. आरशात बघत बघत शेडिंग केलं. डावं कपाळ उजळ, डावा गाल उजळ, उजवा गाल, हनुवटीखाली, गळ्याला सावली... मला दिसत होतं तेच काढत होते. निदान मला तसं वाटत होतं.

सर मागं येऊन उभे राहिले.

"अगं, हे काय? चुलीसमोर बसून काढलंस का?"

मी उठले, लांब जाऊन बघितलं. चेहरा माझाच होता, बरोबर जमलेला. पण हनुवटी उजळ, नाकाखाली उजळ, भुवयांच्या खालची खोबण उजळ. आणि कपाळावर नाकाची, भुवयांची सावली वर चढलेली. सगळा उजेड खालून. कोपऱ्यातला बाण मात्र खिडकीकडे.

रुपाली हसली. "होळीला बसलीस का गं सुजे?"

मीही हसले. चूक झाली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी नवा कागद लावला, पुन्हा खालूनच. सरांनी आरसा हलवला, मला दुसऱ्या स्टुलावर बसवलं. पुन्हा तेच. एकदा ते शेजारी बसले आणि रेघ रेघ बघत राहिले. "हनुवटीखाली डार्क कर... कर की." मी केलं. सिक्स बी दाबून केलं, त्यांनीही बघितलं. तरी चित्र पुरं झालं तेव्हा आम्हा दोघांना दिसलं ते खालून पेटलेलं तोंड. कुठल्या क्षणाला हात फिरला ते मला सांगता येत नाही. सरांनाही नाही.

रुपालीचं चित्र काढलं की उजेड खिडकीतून यायचा. सरांचं काढलं तरी खिडकीतून. फक्त माझ्याच तोंडावर नाही.

आणखी एक गोष्ट सरांनाच दिसली. डोळ्याच्या बाहुलीत उजेडाचा एक ठिपका कोरा सोडतात, त्यानं डोळा जिवंत दिसतो. खिडकी चौकोनी असेल तर ठिपकाही चौकोनी येतो. रुपालीच्या चित्रात तसाच होता. सरांनी चष्मा काढून माझ्या कागदाला नाक लावलं.

"खिडकी चौकोनी हाय. तुझ्या डोळ्यात हे तिकोनी काय?"

दोन्ही डोळ्यांत, खाली रुंद, वर टोक - छोटासा पांढरा त्रिकोण. मी आधीची सगळी चित्रं काढून बघितली. सगळ्यांत होता. मी तो मुद्दाम सोडला नव्हता.

सर एवढंच म्हणाले, "असलं घेऊन जाऊ नको पोरी. ते कोर्सवाले म्हणतील हिला उजेडच कळत नाही." ते बरोबर होते. मी लई रडले, पण घरी येऊन.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी वस्तीवर गेले होते. अंगणात ताडपत्री, भांडी, ज्वारीचं पोतं, सगळं बांधून ठेवलेलं. दादा दारात बसून कोयत्याला धार लावत होते. ताई म्हणाली, "तुजं चित्र आनलंस का? दाव की." मला दाखवायचं नव्हतं. पण तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मांडी घालून बसली, जशी जेवायला बसते. मग मी गुंडाळी सोडली.

मला वाटलं ती हसेल. ती बघतच राहिली. मग कागद तिनं तोंडाजवळ नेला - अगदी सरांनी नेला होता तसा.

"हे तुला कुनी सांगितलं?"

"काय?"

"कुनी सांगितलं म्हनते! टोळीतल्या बायांनी?"

"ताई, कुणी काय सांगितलं? मला उजेड जमेना म्हणून —"

"ही कोपी हाय," ती म्हणाली. डोळ्यातल्या त्रिकोणावर बोट ठेवून.

कोपी म्हणजे कारखान्यावर मजूर राहतात ते खोपट. बांबू, चटया, वर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. समोरून बघितलं तर त्रिकोण.

आई तापानं गेली असं मला लहानपणापासून माहीत होतं. ताईनं दुपारच्या उन्हात, अंगणात, ज्वारीच्या पोत्याला टेकून सांगितलं ते वेगळं होतं.

"तू रडत हुतीस. आईला पान्हाच न्हवता. झुंजुमुंजु झालं नव्हतं अजून, दादा गाडी भराया गेलते. आईनं तुला दूध तापवाया चूल पेटवली. वारं सुटलं हुतं. पाचटानं कवा धरलं कळलंच न्हाई. तिनं आपल्याला भाईर काडलं, तुला माज्या मांडीवर टाकलं आन पुन्यांदा आत गेली."

"कशाला?"

"पोतं आनाया. वरीसभराची ज्वारी हुती."

ती टेकली होती त्या पोत्याकडं मी बघितलं.

"मी कोपीकडं बगितलंच न्हाई सुजे. माजी छातीच हुईना. मी तुज्या तोंडाकडं बघत बसले. तू उताणी, पाय जाळाकडं, तुजं तोंड असंच दिसत हुतं, खालून. तू रडायची थांबलीवतीस. डोळे ह्ये एवढे. त्या डोळ्यांत मला कोपी दिसत हुती, जळताना. पडस्तवर तिथंच बगितली मी."

"हे दादांना माहीत आहे?"

"आग लागली ते म्हाईत हाय. डोळ्यांतलं कुनाला न्हाई. आजपतुर कुनाला सांगितलं न्हाई मी. कावून सांगू?"

मग तिनं लगेच जोडलं, "दुधापायी म्हनून मनात घिऊ नको. तुला कळू द्याचं न्हाई म्हनून तर ताप सांगितला समद्यांनी."

मी दाराकडे गेले. "दादा, आई तापानं गेली का?"

त्यांचा हात धारेवर फिरत राहिला. मान वर न करता म्हणाले, "मुकादमाला फोन लावून बघ बरं, ट्रक कवा येतोय."

मी शिकलेली आहे, म्हणून मी विचार करून बघितला. टोळीतल्या बायांकडून कानावर आलं असेल? आलं असेल. एवढ्या लहानपणी बघितलेला जाळ डोक्यात कुठंतरी राहिला असेल? तेही मानू. पण जाळ बघितला असेल तर मला जाळ आठवेल. जाळानं उजळलेलं माझं तोंड मला कसं आठवेल? ते मी बघितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यातली कोपी मला कशी दिसेल? ती एकाच माणसाला दिसली, आणि त्या माणसानं तोंड उघडलं नव्हतं. माझ्या हातानं ताईच्या डोळ्यातलं कसं काढलं? शेख सरांना सगळं सांगितलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, ये मेरे बस का नहीं."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. ताईनं ते चित्र मागून घेतलं. आमच्याकडे आईचा एकही फोटो नाही. माणूस गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक त्याचा फोटो मांडतात, आम्ही नुसती मेणबत्ती लावतो. "तिचं काय बी उरलं न्हाई," ताई म्हणाली. "ह्ये राहू दे." गोधडीत गुंडाळून घेऊन गेली.

ट्रक गेल्यावर मी क्लासला गेले, आरशासमोर बसले, बाण काढला. डावं कपाळ उजळ आलं. हनुवटीखाली सावली आली, आणि राहिली. डोळ्यांत दोन छोट्या चौकोनी खिडक्या. सरांनी पाठीवर हात ठेवला. रुपालीनं पेढे मागितले. मी मात्र तो कागद काढून लगेच दुसरा लावला. तो उजेड परत यावा म्हणून पुढं कितीदा तरी मुद्दाम प्रयत्न केला, खाली बल्ब लावून बघितला. तो बल्बचा उजेड दिसतो. तो नाही.

उन्हाळ्यात ताई परत आली तेव्हा गोधडीतून कागद काढून दिला. पेन्सिलवर मी फिक्सेटिव मारलं नव्हतं - मारायचं असतं, नाहीतर घासून पुसतं. सगळा कागद नुसता करडा झाला होता. डोळे कुठं होते तेही कळत नव्हतं. ताई म्हणाली, "मी रोज बघत हुते गं." हात लावून लावून तिनंच पुसलं होतं.

कोर्सला माझा नंबर लागला. पदविका झाली. आता एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे घेतले तेवढ्या तासांचं मिळतं आणि सुट्टीत काही नाही. कायमची भरती निघेल निघेल म्हणतात. पोरांना पहिल्या दिवशी कोपऱ्यात बाण काढायला लावते. दादांचे गुडघे गेले, ते घरी असतात. ताईनं कोयता ठेवलेला नाही, भावकीतल्या एका विधवा वहिनीबरोबर जोडी लावून यंदाही गेली. जाताना मला मास्तरीणबाई म्हणाली.

स्वतःचं चित्र मला आता बरोबर काढता येतं.