दुधाच्या धुतलेल्या पिशव्या

मुलीने फोनवर तीनदा बजावलं होतं, "आई, प्लास्टिकच्या बॅग्ज आणू नकोस हं. इकडे बॅन आहेत. आय मीन इट." मीही हॅमिल्टनच्या घरातली एकूण एक ग्रोसरी बॅग बाजूला ठेवली आणि भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी भरली ती दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत. आमच्या ओंटारियोत चार लिटर दूध तीन पिशव्यांतून येतं. पिशवी कापायची, धुवायची, नळावर उलटी वाळत घालायची, हे मी वर्षानुवर्षं करत आले. माझ्या लेखी ते प्लास्टिक नव्हतंच, ते भांडं होतं.

मुलीच्या गावी, किगालीच्या विमानतळावर माझी बॅग कुणी उघडली नाही. मुलगी न्यायला आली होती. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची, मार्कहॅमची नोकरी सोडून ती इथल्या एका लहानशा पर्यावरणपूरक हॉटेलची मॅनेजर झाली, तेव्हा मी फटकन बोलून गेले होते, "इंजिनीअर होऊन लोकांच्या चादरी झटकणार का?" त्यानंतर आमचं बोलणं हवापाण्यावर आलं. आता तिनेच बोलावलं होतं आणि मला काहीही करून ते बिघडवायचं नव्हतं.

खोलीत पाण्याला मातीची सुरई, कचऱ्याला बांबूची टोपली. "आई, फ्रेश हो. दुपारी हॉटेलला इको-सर्टिफिकेट देणारे रूम्स चेक करायला येतायत. तुझीही बघतील," असं सांगून ती गेली.

मी बॅग उघडली आणि तेव्हा लक्षात आलं, माझी ही भांडीही प्लास्टिकचीच. अकरा पिशव्या! टोपलीत टाकाव्यात, तर इथला कचरा हाताने निवडतात, हे तिने नुकतंच कौतुकाने सांगितलेलं. कपाटात लपवाव्यात, तर कपाटाला दारच नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझ्यापायी पोरीची नोकरी गेली तर? मी भाजणी उशीच्या अभ्र्यात ओतली, मेतकूट किटलीत, चटणी दोन ग्लासांत. रिकाम्या पिशव्या घडी करून कुर्त्याच्या आत, सलवारीच्या नाडीत खोचल्या.

खोली ठीक आहे ना, ते बघायला मुलगी आली. मी उठले.

"आई, काय वाजतंय?"

मी एकेक पिशवी काढून पलंगावर ठेवली. "चुकलं माझं. हवं ते बोल, पण त्यांना सांग, ही बाई माझी कुणी नाही म्हणून."

ती पिशव्या सरळ करून त्यांच्यावर छापलेल्या तारखा वाचत बसली. आता भडका उडणार म्हणून मी वाट बघत उभी.

"या सगळ्या ह्याच वर्षीच्या आहेत."

"अगं, स्वच्छ धुतल्यात."

"ते नाही गं. तू एकटीच राहतेस, तरी अजून चार लिटर आणतेस?"

"उरलेल्याचं दही लावते."

"आणि दही कोण खातं?"

मी उगाच किटलीचं झाकण घट्ट करायला लागले.

दार वाजलं, तपासणीवाले आले होते. तिने पिशव्या गोळा करून हातात घेतल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू बस. या माझ्या आहेत म्हणून सांगते मी."