एक जूनच्या सात पोरी

भानुदास सर गेल्याचं मला सकाळी कॉलेजातल्या कबड्डी संघातल्या शीलाच्या फोनवरून कळलं. "सर..." एवढंच ती म्हणाली आणि मी समजले. चौथ्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली. एक प्राध्यापक सरांच्या शिस्तीबद्दल चांगलं बोलले आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "चौकशीचं ते एक प्रकरण सोडलं, तर माणूस निष्कलंक." मी मागच्या रांगेत होते. समोर सरांच्या पत्नी बसल्या होत्या, म्हणून गप्प राहिले. इथं मात्र लिहिते. ते प्रकरण सोडायचं नाही. सर सांगायचे तर तिथूनच सांगावे लागतात.

सर आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक. मी सिरसाळ्याजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हॉस्टेलच्या नळावरून दोन भरल्या बादल्या घेऊन पळताना सरांनी मला पाहिलं आणि थेट कबड्डीच्या मैदानात उभं केलं. तिसऱ्या वर्षी आम्ही विभागाचा अंतिम सामना जिंकलो. हरलेल्या संघानं तासाभरात लेखी हरकत घेतली: या पोरी कॉलेजच्या नाहीत, बाहेरून आणल्यात, कागदपत्रं बनावट आहेत.

पुढच्या आठवड्यात चौकशी समितीचे तिघे प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसले. प्रत्येकीचं ओळखपत्र, दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला बघायचा, मग फोटोशी चेहरा ताडायचा, अशी रीत. अध्यक्ष शहरातले. बारा दाखले चाळता चाळता ते थांबले. "बारापैकी सात मुली एक जूनच्या? खोटं करायचं तर जरा डोकं लावून तरी करायचं, सर."

सर हसले. "साहेब, आमच्याकडं लेकरू शाळेत घालताना मास्तर इचारतो, जन्म कधीचा? आई सांगती, ज्वारी निसवत होती तवा. मास्तर लिहितो, एक जून. शाळा जूनमधीच भरती न्हवं का. माझीबी एक जूनच हाय. मलाबी बोगस म्हणा."

अध्यक्षांना ते पटलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. माझ्या आणि शीलाच्या दाखल्यांवर एकाच कारकुनाचं अक्षर होतं. आम्ही दोघी एकाच शाळेतल्या. वेगळं अक्षर येणार कुठून? ते म्हणाले, "या दोघी संशयास्पद म्हणून वगळा, तसं लिहून द्या. विजेतेपद कायम राहील, पुढच्या फेरीला जा." प्राचार्यांनी लगेच पेन पुढं केलं.

आदल्याच दिवशी वडील मला म्हणाले होते, "बोगस म्हणून कागदावर नाव पडलं तर बिस्तरा गुंडाळ अन् घरी ये." सरांना हे ठाऊक होतं. तरी मला वाटलं, झालं आता, सही होते. एका बाजूला दहा जणींचा चषक, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी... सरांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, आजही सांगता येत नाही.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "गावाकडं चला. जीप उभी हाय. शाळेचं रजिस्टर बघा, पोरीच्या आईला इचारा. तपासायचं तर पुरतं तपासा. अन् हरकत घेणाऱ्यांचे दाखलेबी मागवा. तिथं किती एक जून निघत्यात, बघू."

"आमच्याकडे तेवढा वेळ नाही."

"मग माझ्याकडं सहीबी न्हाई."

समिती गावाला आलीच नाही. संघ बाद झाला. अहवालात सरांबद्दल वाक्य आलं: 'चौकशीस सहकार्य केले नाही.' विद्यापीठाच्या निवड समितीवरून त्यांना काढलं, पुन्हा कधी घेतलं नाही. संघातल्या पोरी चिडल्या. आमची कप्तान रुक्मिण तर महिनाभर सरांशी बोलली नाही. सर तो अहवाल घेऊन माझ्या घरी आले. वडिलांना वाचता येत नव्हतं. सरांनी सगळा वाचून दाखवला, स्वतःवरचं वाक्यसुद्धा.

वडील म्हणाले, "पोरीचं नाव न्हाई, पर तुमचं हाय की वो सर."

"असू द्या. मला कुठं कॉलेज शिकायचंय?"

मी पदवी घेतली. आज धारूरला पोरींना कबड्डी शिकवते. प्राध्यापक ज्याला कलंक म्हणाले, त्याच्या जोरावर.

त्या चौकशीनंतर दर एक जूनला सकाळी सातला सर आम्हा सातही जणींना फोन करायचे. "काय गं बोगस, वाढदिवस हाय न्हवं आज?" आम्ही म्हणायचो, "तुमचाबी हाय, सर!" यंदाचा एक जून सर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात आला. सात वाजले. सव्वासात... मग मीच फोन उचलला आणि शीलापासून सुरुवात केली. सगळ्यात शेवटी रुक्मिणला लावला.

"काय गं बोगस?"

 ती पलीकडून खणखणीत ओरडली, "बोगस कुणाला म्हणती गं? ये, रजिस्टर बघून जा!"