रत्नम्माच्या गालावरचा वांग

उदगीरच्या रत्नम्माला सहावा महिना लागला आणि तिच्या दोन्ही गालांवर काळपट चट्टे उठले. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. एकोणीस वर्षांच्या पहिलटकरणीला कोण काय सांगणार? तिनं आरशात तोंड पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली.

भ्यायला कारण होतं. तिच्या नवऱ्याच्या, संगप्पाच्या, चुलतीलाही असेच डाग आले होते, आणि तो निघाला महारोग. घरच्यांनी तिला शिवाराच्या टोकाला खोपीत नेऊन टाकलं, अंगावरचं लेकरू काढून घेतलं. तिच्या डागाला सुई टोचली तरी तिला कळत नव्हतं म्हणे. रत्नम्मानं तीनदा सुई हातात घेतली आणि तीनदा ठेवून दिली. टोचली आणि कळलंच नाही, तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! घरात ती नाकापर्यंत पदर ओढून वावरायची. मिरच्या वाळवायला माळवदावर चढली, की तिथं बघणारं कुणी नसे, म्हणून तेवढं तोंड उघडं ठेवायची. भर उन्हात! चट्टे आणखीच काळे पडले आणि कपाळावरही पसरले.

सासू गुरम्मा काही आंधळी नव्हती. एका दुपारी तिनं सुनेचा पदर मागं सारला, चट्टे न्याहाळले, आणि एक बिब्बा चिमट्यात धरून चुलीवर तापवला. बिब्ब्याला तेल सुटलं. रत्नम्मानं सासूचे पाय धरले.

"आत्या, मला घालवू नका वो. माजं लेकरू माज्यापाशी राहू द्या."

गुरम्मानं कढतं तेल तिच्या डाव्या गालावर टेकवलं.

"अय्यो यव्वा!" रत्नम्मा किंचाळली, आणि गाल धरून रडता रडता हसायलाच लागली. "दुखलं! आत्या, लई दुखलं मला!"

गुरम्मा मटकन खाली बसली.

ओरडा ऐकून शेजारची सुईण शरीफाबी धावत आली. चुलतीची गत तिला ठाऊक होती, रत्नम्माची भीती तिनं लगेच ओळखली. "काय अकलंचे दिवे पाजळले गं! ह्यो वांग हाय, वांग. पोटुशीला येतो आन् उनानं वाढतो. कपाळ बघा हिचं. विभूतीच्या पट्ट्यांखाली ऊन लागलं न्हाई, तितली कातडी साफ हाय. महारोगाला काय विभूती कळती? उनात जाऊ नको, गेलीस तर पदर फुडं वढ. आन् हे बिब्बे-फिब्बे बंद! बाळंत झालीस की हळूहळू फिका पडंल."

तसंच झालं. लेक झाली, वर्षभरात वांग विरला. बिब्ब्याचा डाग मात्र जन्माचा राहिला. रत्नम्मानं सासूवर कधी राग धरला नाही. औषध म्हणून लावलं, चुकलं बिचारीचं, असंच ती धरून चालली.

सासू शेवटच्या दुखण्यात पडली, तेव्हा पाय चेपता चेपता रत्नम्मानं सहज विचारलं, "आत्या, वांगाला बिब्बा लावावा म्हणून कुणी सांगितलं व्हतं तुमाला?"

"औशीद न्हवतं ते," गुरम्मा म्हणाली. "तुला लागतं का, ते बघायचं व्हतं. सुई दिसली असती, तर तू खोटंच वरडली असतीस."

रत्नम्माचे हात थांबले. "आन् लागलं नसतं तर?"

गुरम्मानं तोंड भिंतीकडं केलं. "लेकराला पाजायला बाई बघून ठेवली व्हती मी."