उलटवलेली बाही

हेद्विकाबाई गिऱ्हाइकाला ‘उद्या’ कधीच सांगत नसत. परवा म्हणत, गुरुवारी म्हणत, फार झालं तर "रविवारी चर्चमधून परतताना घेऊन जा" म्हणत. ‘उद्या’ हा शब्द त्यांच्या शिलाईच्या खोलीतून एकोणीस वर्षांपूर्वी हद्दपार झाला होता. म्हातारीचा विक्षिप्तपणा, असं गाव म्हणे. सांतोन टेकडीखालच्या या गावाने दुसऱ्याला विक्षिप्त म्हणावं म्हणजे कमालच. कारण दर डिसेंबरात इथली निम्मी धडधाकट माणसं नेपोलियनच्या लढाईचं सोंग घेऊन चिखलात मरायला जातात.

रादिम त्यातलाच. शाळेत गणित शिकवणारा, पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला. सोमवारी सकाळी तो काखेत कोट घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. ब्र्नो शहरातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळाला म्हणाला.

"बाई, याचा फ्रेंच शिपायाचा डगला करून द्या. लढाईच्या साली त्यांना मिळेल त्या रंगाचे डगले घालावे लागले, तेव्हा रंगाची काळजी नाही. कॉलर उंच, बटणं दोन रांगांत, आणि वरून दिसणारी शिवण सगळी हाताची. मशीनचा एक टाका दिसला तरी आमचा सार्जंट रांगेतून बाहेर काढतो. भिंग घेऊन तपासतो मेला."

"एरवी काय करतो हा सार्जंट?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"मग सवयच ती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोट टेबलावर पसरला.

रेल्वेचा जाड निळा कोट. डावी बाही नव्यासारखी गडद, उजवी उन्हापावसाने विटलेली. बाईंचा हात तिथेच थांबला.

कोट झिजला की उसवायचा, कापड उलटं करायचं आणि आतली कोरी बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा, ही काटकसर त्यांना सासूने शिकवली होती. एकोणीस वर्षांपूर्वी नवऱ्याचा कोट त्यांनी असाच उलटवायला घेतला. आलोइस रेल्वे फाटकावर कामाला होता. डावी बाही झाली आणि मिकुलाशचा सण तोंडावर आला. गावभरच्या पोरांना घाबरवायला सैतानाची सोंगं घेतलेली माणसं निघायची होती आणि सगळ्या सैतानांच्या शेपट्या बाईंच्याच मशीनवर. दिव्याखाली अंधार. आलोइस रोज सकाळी विचारी, "झाला का?" बाई मान वर न करता म्हणत, "उद्या."

तो स्वेटरवरच कामाला गेला. परतताना द्राक्षमळ्याच्या उतारावर पाय घसरून मोडला आणि तो तिथेच पडून राहिला. बर्फ पडत होता. सकाळी लोकांना सापडला. डॉक्टर म्हणाला, पायाने कुणी मरत नाही, थंडीने मेला. बाईंनी उजवी बाही तशीच जोडली आणि कोट चर्चच्या दानपेटीत टाकून आल्या. जगात एवढे कोट असताना तो परत आपल्याच टेबलावर येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"हा नको," त्या म्हणाल्या. "दुसरा आण."

"दुसरा कुठून आणू? शनिवारी लढाई आहे. गेल्या वर्षी डगला नव्हता, स्वेटरवर पडून राहिलो तर आठवडाभर न्यूमोनियाच्या दारात होतो. कधी होईल सांगा."

बाईंच्या जिभेवर तो एकच शब्द आला. त्यांनी तो गिळला. "शुक्रवारी ये."

ते चार दिवस त्यांनाच ठाऊक. सुईत दोरा ओवला की पाठीमागून कुणीतरी विचारी, "झाला का?" त्या वळून बघत नसत. भीती वाटे, खोटं कशाला बोला. मागे कुणी दिसेल याची वाटे आणि कुणीच दिसणार नाही याची त्याहून जास्त. बुधवारी त्यांनी उजवी बाही उसवली, उलटवली आणि हाताने जोडली. रादिमने ते सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी रादिमला डगला घालून पाहिला. दोन्ही बाह्या एकाच रंगाच्या दिसत होत्या.

"तू मरणार आहेस का उद्या?" त्यांनी विचारलं. विचारल्यावर कळलं की तो शब्द तोंडून गेलाच.

"ज्याचा बार तीनदा फुसका जाईल त्याने पडायचं, असा नियम आहे बाई."

"तू पडू नकोस."

"आता ते का माझ्या हातात आहे?"

ज्या लढाईला बाईंनी जन्मात हजेरी लावली नव्हती, तिथे प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरखंडापाशी त्या शनिवारी दुपारी उभ्या होत्या. शेजारणीने हातात गरम वाइनचा पेला दिला. तो तसाच निवला. भुरभुर बर्फ पडत होता. अशा हवेत बंदुकीची दारू ओली होणारच. निळा डगला टेकडीच्या उतारावर थांबला, तीनदा चाप ओढला आणि आडवा झाला.

शेवटी ढोल वाजला. ढोल वाजला की मेलेले उठतात, कपडे झटकतात आणि टाळ्या घेतात. सगळे उठले. निळा डगला उठला नाही. त्याच्यावर बर्फ साठत होता.

बाई दोरखंडाखालून वाकून निघाल्या. "अहो, आत जायचं नसतं," शेजारीण ओरडली. सत्तरीच्या गुडघ्यांनी त्या तो उतार कशा चढल्या, देव जाणे. त्या चिखलात बसल्या आणि डगल्याची उजवी बाही धरून हलवायला लागल्या.

"ऊठ रे. ऊठ."

रादिमने डोळे उघडले. जरा ओशाळला.

"झोप लागली हो बाई," तो म्हणाला. "काय ऊब आहे या कोटात. बर्फ पडतोय हे कळलंसुद्धा नाही."

बाईंनी बाही सोडली नाही. बराच वेळ त्या तिच्यावरचा बर्फ पुसत राहिल्या.

"झाला," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"कोट. एकोणीस वर्षं लागली."