आरशापुढच्या टाळ्या

सज्जनहो, क्रोध हा वैरी खरा. पण ज्या क्रोधाच्या पोटी माया आहे, त्याला हात जोडावेत. मावशीचा क्रोध त्या जातीचा.

मावशी तयार कपड्यांच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतून देणारी. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, नाकावर राग. चिडली की बोलत नसे, टाके तेवढे घट्ट घाली. शिवण चाचपूनच कारागीर ओळखत, आज मावशी तापली आहे.

थोरले मालक थकले. गल्ल्यावर धाकटे बसले. त्यांचे पहिले झबले मावशीनेच शिवलेले. त्यांनी नियम काढला: गिऱ्हाईक नवे कपडे घालून आरशापुढे आले, की साऱ्यांनी टाळ्या वाजवून म्हणायचे, ‘लास्टिंग इम्प्रेशन, सर! ऑल आइज ऑन यू!’ छाप कायमची, नजरा तुमच्यावरच! जो म्हणणार नाही, त्याने घरी बसावे. घरी मावशीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याचे औषध या पगारावर. म्हणून तीही टाचण्यांआडून पुटपुटे.

एका दुपारी एक तरुण काळा सूट घालून उभा राहिला. पँट लांब होत होती. मावशीने खाली बसून टाचण्या लावता लावता विचारले, केव्हा हवी? तो हळूच म्हणाला, आत्ताच, वडील गेले, चर्चमध्ये जायचंय.

तेवढ्यात तो आरशाकडे वळला आणि टाळ्या कडाडल्या. ‘ऑल आइज ऑन यू!’ लेकराने मान खाली घातली.

मावशी उठली. त्याचा बाप गेलाय, टाळ्या थांबवा, म्हणाली. धाकटे ओशाळले, पण चार नोकरांदेखत माघार कशी घ्यायची? नियम तो नियम, म्हणाले, तुम्हीही म्हणा.

“अरे, बापाला पोचवायला चाललाय तो, मिरवायला नाही. तुझी छाप घाल चुलीत.”

“मग उद्यापासून येऊ नका, मावशी.”

“उद्याचं उद्या. आधी याची पँट होऊ दे.”

तिने पँट हाताने दुमडून शिवली, त्याची कॉलर सारखी केली, टेप गल्ल्यावर ठेवला आणि पायरी उतरली.

आता ती घरच्या खिडकीशी शिवते. औषध कधी येते, कधी राहते. परवा मी विचारले, मावशी, राग निवळला का? हातातला कपडा तिने माझ्यापुढे धरला. मी शिवण ओढून पाहिली. दोऱ्याखाली नखही शिरेना.